दुधात पाणी कोण घालतंय?

२८ ऑक्टोबर, मंगळवार. लाभपाचम

दिवाळीनंतर आज दुकान उघडलं आणि लाभपाचमच्या मुहूर्तावर ही वहीही उघडली. वही तोडलेल्या एका जहाजाची आहे. तारखेखाली वारा, लाटा, दिशा असले रकाने छापलेत, तेही कुठल्याशा अगम्य भाषेत. कागद चांगला जाड, रद्दीत द्यायचं जिवावर आलं. म्हटलं, आपणच लिहू.

आमचं दुकान इकडे गुजरातेत, अलंगच्या जहाजतोडीच्या रस्त्यावर, कपबश्यांचं. जहाजं किनाऱ्यावर मरायला येतात आणि त्यांची भांडी माझ्याकडे. बावीस वर्षं जगभरच्या खलाशांच्या उष्ट्या बश्या घासून विकते आहे. धंदा बरा चाललाय. पण माझ्या नवऱ्याला नुसतं बरं पुरत नाही.

नवऱ्याचं नाव हिंमत. तोंडावर मी त्याला ‘अहो’च म्हणते, कारण सासूबाई आहेत आणि त्यांचे कान शाबूत आहेत. वहीत मात्र हिंमत.

तर हिंमत आज लिलावाला गेला होता. यादीत त्यानं वाचलं, ‘प्लेटा, स्टील, साठ नग’. बोलीला दुसरं कुणी हातच वर करेना. ह्याला वाटलं नशीब उघडलं. जेवणाच्या ताटांचा अख्खा संच घेऊन टाकला, सोबत ‘इतर दोन नग’ फुकटात. घरी येऊन म्हणाला, “दक्षा, परवा ट्रक येतोय. जागा कर.”

साठ ताटांना ट्रक कशाला, हे मी विचारलं नाही. सणाचा दिवस होता.

३० ऑक्टोबर, गुरुवार

ट्रक नव्हे, क्रेन आली.

ताटं निघाली माझ्या कमरेएवढी उंच. चारी कोपऱ्यांना मूठ जाईल एवढी भोकं, अंगभर पापडीसारख्या नागमोडी रेघा, कडेनं काळं रबर. साठच्या साठ एकामागे एक टांगलेली, दोन जाड लोखंडी दरवाजांमध्ये लांबच लांब बोल्टांनी आवळलेली. इतर दोन नगांपैकी एक म्हणजे माणूस झोपेल एवढा पिंप, आत नळ्याच नळ्या. दुसरा म्हणजे लोखंडी चौकट, तिच्यातून वळणं घेत गेलेली नळी, आणि नळीवर पातळ पत्र्याच्या चकत्या इतक्या दाट की मधून काडी जाणार नाही.

शेजारचा गाद्यावाला बाहेर येऊन उभा राहिला. “हिंमतभाई, ह्या ताटात जेवणारा पाहुणा कधी येतोय? मला आधी सांगा, मी गाव सोडतो.”

हिंमत म्हणाला, “हसा. ह्याला हीट एक्स्चेंजर म्हणतात.” ट्रकवाल्यानं उतरवताना सांगितलेलं, पाच मिनिटांपूर्वी.

“म्हणजे काय करतं?”

“हीट एक्स्चेंज करतं.”

माझ्या बश्यांची अर्धी मांडणी आता ह्या तीन राक्षसांमागे दडलीय. दिवसभरात एक गिऱ्हाईक आलं, तेही संडास कुठे आहे विचारायला.

२ नोव्हेंबर, रविवार

हिंमतनं घोघ्याहून एक म्हातारा आणलाय. कासमचाचा. चाळीस वर्षं जहाजांच्या इंजिनात फिटर होते. उंच, पांढरी दाढी, अंगाला मशिनच्या तेलाचा वास, जो म्हणे निवृत्तीनंतरही जात नाही. आल्या आल्या यंत्रांपाशी गेले आणि म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा तिन्हींवरून हात फिरवला. मग म्हणाले, “बेटा, ह्या पिंपावर पितळी पट्टी असेल. वाच काय लिहिलंय.”

“तुम्हीच वाचा की.”

“मला पाठ आहे. तू वाच, म्हणजे शिकशील.”

बाई, काय रुबाब! मी आकडे वाचले. ते डोळे मिटून ऐकत होते, गवयासारखे.

मग चहा झाला. चाचांनी बशीच्या काठावर बोट ठेवलं आणि चहा ओतला. थेंब सांडला नाही. म्हणाले, “बशीत का ओततो आपण?”

“गार व्हायला.”

“कपात का होत नाही?”

“होतो, पण उशिरा. बशी पसरट असते.”

“बस. एवढीच विद्या आहे. बाकीची चाळीस वर्षं मी नट आवळले. गरमला पसरायला जागा द्यायची आणि शेजारी गारला आणून बसवायचं. दोघांमध्ये भिंत हवी, पण पातळ. उष्णता पलीकडे गेली पाहिजे, माल जाता कामा नये.”

मी म्हटलं, “म्हणजे आमचा तांब्याचा बंब. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी.”

चाचा माझ्या दिशेनं वळले. “हिंमतभाई, तुम्ही दुकानात बसा. हिला माझ्याकडे राहू द्या.”

सासूबाई आतून म्हणाल्या, “काय म्हणतोय तो?” मी म्हटलं, “साखर मागताहेत.”

६ नोव्हेंबर, गुरुवार

पिंप उघडला. माझे हात कोपरापर्यंत काळे. नळ्यांतून जायचं समुद्राचं पाणी आणि नळ्यांबाहेर, पिंपाच्या पोटात, इंजिनाचं तापलेलं तेल. पोटात आडव्या चकत्या आहेत, एक वरून अर्धवट, एक खालून अर्धवट. मला वाटलं, बनवणाऱ्याचं माप चुकलं.

चाचा म्हणाले, “सरळ जाऊ दिलं तर तेल पाच पावलांत बाहेर. म्हणून नागमोडी फिरवायचं, म्हणजे प्रत्येक नळीला अंग घासून जाईल.”

आणखी एक गोष्ट सांगितली ती लिहून ठेवते. गरम आणि गार एकाच दिशेनं सोडले की निम्म्या वाटेत दोघं कोमट होतात, मग पुढं एकमेकांना द्यायला काही उरत नाही. म्हणून समोरासमोरून सोडायचे. गरम निघता निघता जवळजवळ गार झालेलं असतं, तेव्हा त्याला भेटतं ते अगदी ताजं थंड पाणी. शेवटपर्यंत देणंघेणं चालू. मी म्हटलं, “आमचं लग्न एकाच दिशेनं सोडलेलं आहे.” चाचांना ठसका लागला.

प्रत्येक नळीत काठी घालून गाळ काढला. एका नळीच्या तोंडाला चीर होती, चाचांनी बोटानं शोधली. दोन्ही तोंडांना पितळी बूच ठोकून ती नळी बंद केली. नव्वदातली एक गेली तर काही बिघडत नाही म्हणे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पिंप गेला! भावनगरचा प्लास्टिकच्या बादल्या पाडणारा घेऊन गेला, त्याच्या मशिनचं तेल तापत होतं. चकत्यांची नळी महुव्याला, कांदा सुकवण्याच्या कारखान्यात. नळीतून वाफ जाणार, चकत्यांमधून पंख्यानं हवा फेकणार, ती गरम हवा कांद्याच्या कापांवर. मी विचारलं, चकत्या कशाला? चाचा म्हणाले, हवा आळशी असते, उष्णता पटकन घेत नाही, म्हणून तिच्या बाजूला जास्त पत्रा पसरून ठेवायचा.

हिंमत बाजारभर सांगत फिरतोय की त्यानं हे सगळं आधीच ओळखलं होतं. साठ ताटं अजून तशीच उभी आहेत, त्यांच्याबद्दल गप्प.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

झांझवडहून हीरुबेन आली होती. तिकडच्या बायकांच्या दूध मंडळीची, म्हणजे सोसायटीची, प्रमुख. आहीराची बाई, आवाज असा की आमच्या काचेच्या मालाची काळजी वाटते. आली होती मंडळीसाठी पेले घ्यायला. ताटं बघून थबकली.

“हे मी मोठ्या डेअरीत पाहिलंय. ह्यात दूध गार करतात.”

हिंमतच्या तोंडावर जे तेज आलं ते आमच्या लग्नातही नव्हतं. “करतात काय, करतातच! बसा ना, बेन.”

तिची अडचण अशी. म्हशीचं दूध निघतं कोमट. मंडळीत मोठी थंड टाकी आहे, पण वीज अर्धा वेळ नसते. दूध थंड व्हायला उशीर लागतो आणि उन्हाळ्यात टँकर येईपर्यंत नासतं. चाचा म्हणाले, टाकीत जाण्याआधीच दूध ह्या पत्र्यांतून काढायचं. एका फटीत दूध, पुढच्यात विहिरीचं पाणी, पुन्हा दूध, पुन्हा पाणी, असं साठ पत्र्यांभर, समोरासमोरून. विहिरीच्या पाण्यानंच निम्मं काम होईल, टाकीला थोडंच उरेल.

मी बाजूला घेऊन विचारलं, “जहाजाचं यंत्र आणि दूध? चालेल?”

“ह्यात पिण्याचं पाणी तापवायचे. तेल लागलंच नाही ह्याला. तेल असतं तर मी नाही म्हटलं असतं, तुझा नवरा रडला असता तरी.”

१९ नोव्हेंबर, बुधवार

तीन दिवस ताटं घासतेय. सोड्याचं गरम पाणी, मग साधं पाणी, मग पुन्हा. भावनगरहून दुधाला चालणारं नवं रबर आणलं. ते खाचेत बसवायचं चाचांनी असं शिकवलं की डोळे मिटून बोट फिरवायचं. जिथं बोटाला उंचवटा लागेल तिथं रबर नीट बसलेलं नाही. आणि एक ताट सुलट तर पुढचं उलट टांगायचं, म्हणजे रेघा एकमेकींवर फुली मारतात आणि मधलं पाणी गडबडत जातं, सुस्त वाहत नाही. मी एक ताट चुकवलं. चाचांनी नुसता कडेवरून हात फिरवून सांगितलं, “चौतिसावं फिरव.” मोजूही न लागता! माणूस आहे की जादूगार?

आज सकाळी ते अंगणात प्रत्येक ताट सूर्यासमोर धरून बघत होते. पत्रा कागदाएवढा पातळ, कुठं टाचणीएवढं भोक असलं तर उन्हात चमकतं. मी म्हटलं, मी बघू का? म्हणाले, “तू जेवण कर. हे माझं काम.” साठच्या साठ पास. मला तरी दोनचार खराब निघतील असं वाटलं होतं. जहाज म्हातारं होतं.

पण ते म्हणाले ठीक, तर ठीक.

२४ नोव्हेंबर, सोमवार

बसवलं! झांझवडच्या पन्नास बायका, तितकीच भांडणं, आणि मध्ये मी पाना घेऊन. दूध एका टोकानं कोमट गेलं, दुसऱ्या टोकानं गार आलं. हीरुबेननं बोट घालून पाहिलं आणि ओरडली, “अगं, हे तर पौषातल्या पाण्यासारखं!” मला हळदकुंकू लावलं. यंत्रालाही लावलं. चाचांना काय लावावं सुचेना, तर गाठिया दिल्या.

परतीच्या तीनचाकी छकड्यात चाचा गाठियांची पुडी न उघडताच मांडीवर धरून बसले होते. मी म्हटलं, “खूश नाही का?”

“खूश आहे, बेटा.” मग थोड्या वेळानं, “अंधार पडला का?”

साडेचार वाजले होते. दमले असतील.

५ डिसेंबर, शुक्रवार

कपबश्यांकडे माझं लक्ष नाही अशी सासूबाईंची तक्रार. खरी आहे. काल एका गिऱ्हाइकाला मी बशी किती लवकर चहा थंड करते ते समजावत होते. ते न घेताच गेलं.

झांझवडची बातमी वाईट. टँकरवाला दुधात काचेचा तरंगता मापक सोडतो. मंडळीचा आकडा कायम सत्तावीस असायचा, तो तेवीसवर आलाय. म्हणजे पाणी. एका आठवड्यात तीनदा दूध परत. मंडळीचं स्वतःचं तपासायचं मशिन दिवाळीपासून बंद, त्यामुळे कुणाच्या घागरीत पाणी आहे कळायला मार्ग नाही. मग गावानं ठरवून टाकलं. जशीबेन. विधवा, एक म्हैस, घर विहिरीला लागून. विहीर जवळ म्हणजे पाणी तीच घालत असणार! हीरुबेननं तिचं दूध घेणं बंद केलं.

हिंमत म्हणाला, “लोकं कशी असतात बघ. देवाच्या दुधात पाणी.” मीही मान हलवली. लिहिताना लाज वाटतेय, पण हलवली.

८ डिसेंबर, सोमवार

आज दुकान उघडायच्या आधीच दारात एक बाई. काटकी, काळी साडी, हातात दोन बाटल्या. “यंत्रवाली तूच ना? मी जशी.”

मी बस म्हटलं. बसली नाही.

“माझं दूध गुरुवारपासून बंद आहे. पण आकडा कालही तेवीसच. मी घालत नाही, तरी पाणी आहे. मग घालतंय कोण?”

“दुसरं कुणीतरी असेल.”

“हीरुबेनपण तेच म्हणते. आता रतनवर संशय आहे. तिच्यानंतर आणखी कुणावर. सगळ्या संपल्या की तिच्या स्वतःवर येईल.” मग बाटल्या माझ्यापुढं ठेवल्या. “ही यंत्रात जायच्या आधीची. ही यंत्रातून आल्यानंतरची. कशी मिळवली ते विचारू नकोस. चाख.”

मला राग आला. मी म्हटलं, “माझी ताटं चोख आहेत. चाळीस वर्षं यंत्रांत काढलेल्या माणसानं तपासलीत.” वर असंही म्हटलं की शिकलेल्या माणसांच्या कामावर असं बोट ठेवू नये. कपबश्या विकणाऱ्या बाईनं हे म्हटलं!

जशी म्हणाली, “शिकलेली जीभ असेल तर तिनं चाख.”

पहिली चाखली. दूध. दुसरी चाखली. दूध, पण मागून हलकंसं खारट. झांझवडच्या विहिरीचं पाणी कसं आहे ते मला ठाऊक आहे. तिथला चहा प्यायलाय मी.

मी बाटली खाली ठेवली. जशी अजून उभीच होती. “खारट लागलं ना?” तिनं विचारलं. मी मान हलवली. तेव्हा कुठं ती बसली, आणि तोंडावर पदर घेऊन रडली. मी आत गेले. चहा केला, माझ्याच घरच्या दुधाचा.

९ डिसेंबर, मंगळवार

आजचा दिवस सगळा लिहायचा आहे, मग हात दुखला तरी चालेल.

सकाळी चाचांना घेऊन झांझवडला गेले. हिंमत म्हणाला, “दुकान कोण बघणार?” आणि स्वतःच दुकान बघायला थांबला. संकटात त्याला आपली जागा बरोबर कळते.

हीरुबेन दारातच. “बरं झालं आलात. यंत्र उत्तम चाललंय. माणसंच बिघडलीत.” मी म्हटलं, यंत्र उघडायचंय. तिचं तोंड उतरलं. बायका जमल्या. जशी मागं, भिंतीला टेकून.

बोल्ट सैल केले, दरवाजा सरकवला, ताटं एकेक काढली. चाचा एकेक सूर्यासमोर धरत. “ठीक. ठीक.” मी पुढची देत होते. सतरावं ताट त्यांच्या हातात असताना मी त्यांच्या मागं उभी होते. ताटाच्या मधोमध एक बारीक चांदणी चमकली. खाली दुसरी. कडेला तिसरी.

चाचा म्हणाले, “ठीक.”

मी हळूच म्हटलं, “चाचा, हे बघा ना.”

“काय?”

“इथं. मधोमध. उजेड येतोय.”

त्यांनी ताट डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं. नाक पत्र्याला लागलं. मग लांब धरलं. “कुठं?” त्यांनी विचारलं. आणि हे ‘कुठं’ असं विचारलं की मला सगळं एकदम आठवलं. पट्टी वाचायला लावणं, बशीच्या काठावरचं बोट, साडेचार वाजताचा अंधार. मी किती मूर्ख! मला तो रुबाब वाटला होता.

मागं पन्नास बायका. हीरुबेन म्हणाली, “काय झालं? सापडलं का काही?”

मी ताट चाचांच्या हातातून घेतलं आणि म्हटलं, “सापडलं. पत्र्याला भोकं आहेत. विहिरीच्या मोटरचा जोर जास्त, म्हणून पाणी त्यातून दुधात ढकललं जातंय. पाणी कुणीच घातलं नाही, यंत्रानं घातलं. आणि ताटं तपासली होती मी. चूक माझी.”

बायकांमध्ये वारं फिरल्यासारखी कुजबूज. मला वाटलं संपलं. पण चाचा पुढं आले. एक हात यंत्रावर ठेवला, आधाराला.

“खोटं बोलतेय पोरगी. तपासली मी. चाळीस वर्षं इंजिनात काढली, माझी चूक कधी दुसऱ्याच्या नावावर टाकली नाही, आता कशाला? मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. आधी धूर, आता धुकं. सांगितलं असतं तर कोण काम देणार होतं? वाटलं, हातानं चालवून नेऊ. बाकी सगळं हाताला कळतं. उजेड नाही कळत.” मग ते भलतीकडेच वळून म्हणाले, “ज्या बहिणीवर आळ आला ती कुठं आहे?”

“इकडं,” जशी म्हणाली.

ते तिच्या आवाजाकडे वळले आणि हात जोडले.  शेजारच्या गोठ्यातून एका म्हशीनं हंबरडा फोडला आणि दोघीतिघी हसल्या, मग लाजल्या.

जशी म्हणाली, “चाचा, तुम्ही हात खाली करा. तुम्ही मला चोर म्हटलं नाही. म्हणणारीला दोन्ही डोळे आहेत.”

सगळ्यांची तोंडं हीरुबेनकडे. हीरुबेन लाल. “बरं, चुकले. ये उद्यापासून दूध घेऊन.”

“इथं नाही. चोर म्हणालीस तेव्हा भोंग्यावरून म्हणालीस. सगळ्या गावानं ऐकलं. माझ्या म्हशीनंसुद्धा.”

मंडळीच्या छपरावर भोंगा आहे, टँकर आला की त्यावरून हाक देतात. हीरुबेननं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, कुणी वाचवायला येईना. शेवटी आत गेली. भोंगा खरखरला. आणि झांझवडभर आवाज घुमला, भांडण करतात त्याच आवाजात: “ऐका सगळे! जशीबेननं पाणी घातलेलं नाही! मी चुकले! माफी मागते! आता पुन्हा कुणी तिला काही बोललं तर माझ्याशी गाठ आहे!”

जशी म्हणाली, “माफी मागतेय की धमकी देतेय?” पण बसली, आणि कुणीतरी दिलेलं ताक प्यायली.

मग आम्ही उरलेली ताटं काढली. सूर्यासमोर मी धरली, चाचांनी मोजली. एकूण पाच गळकी. जोडीजोडीनं काढावी लागतात, नाहीतर उलटसुलटचा हिशेब चुकतो, म्हणून सहा काढून चोपन्न पुन्हा टांगली. बोल्ट किती आवळायचे ते चाचांनी मला हात लावून सांगितलं, माझ्या हातावर त्यांचा हात. दूध सोडलं. जशीनं पहिला घोट घेतला. खारट नव्हतं.

परतीला चाचा म्हणाले, “उद्यापासून मी येत नाही.”

मी म्हटलं, “उद्या डॉक्टरकडे जायचंय.”

“मोतीबिंदू आहे. मला माहीत आहे.”

“माहीत आहे? मग काढला का नाही?”

चाचांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं. मग चाचा म्हणाले, “डोळ्यात सुई घालतात, बेटा.”

भर तुफानात बंद पडलेलं इंजिन चालू करणारा माणूस! मला इतकं हसू आलं की छकडेवाल्यानं गाडी थांबवली.

२२ डिसेंबर, सोमवार

भावनगरला चाचांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आत नेताना त्यांनी माझा हात असा धरला होता की बांगडी वाकली. बारा मिनिटांत बाहेर. आज पट्टी काढली. मी समोरच उभी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तू दक्षा?”

“हो.”

“आवाजावरून जाडी वाटली होतीस.”

हिंमतकडे वळले. “आणि हे?” “हा नवरा.” “अच्छा,” म्हणाले. हिंमतला ते कौतुक वाटलं.

डावा डोळा संक्रांतीनंतर. तोवर एकाच डोळ्यावर काम.

३ जानेवारी, शनिवार

हिंमतनं आणखी चार यंत्रं आणली. ह्या वेळी यादी मी वाचली होती. चाचा रोज येतात. पट्ट्या आता स्वतः वाचतात, मोठ्यानं, पुन्हा पुन्हा, कंटाळा येईपर्यंत. ताटं सूर्यासमोर मात्र दोघं धरतो, आधी मी, मग ते. असं त्यांनीच ठरवलं.

आणि आजची मोठी बातमी! हीरुबेनचा निरोप आला. झांझवडचा आकडा आता तीस! यंत्र बसवायच्या आधी सत्तावीस होता, तो तीसवर गेलाय. टँकरवाल्यानं मापक दोनदा धुऊन पुन्हा सोडला म्हणे, विश्वास बसेना.

मी लगेच फोन केला. म्हटलं, “हीरुबेन, गार झाल्यामुळे घट्ट होतं असेल का? पत्र्यांमुळे?” हीरुबेन आधी खाकरली. मग म्हणाली, “असेल बाई, असेल.” मागं बायका खिदळत होत्या. मी विचारलं, पाणी कुणी घालत नव्हतं ना आधी? तर म्हणाली, “आता जशी रोज दारात बाटली घेऊन बसते आणि प्रत्येकीचं चाखते,” आणि फोन ठेवला. माझ्या प्रश्नाशी ह्याचा काय संबंध?

काही का असेना. मी पाटी रंगवायला दिलीय, दुकानावर लावायला: ‘आमच्या यंत्रानं दूध गार तर होतंच, घट्टही होतं. झांझवडला खात्री करून घ्या.’ चाचांना वाचायला दाखवली. त्यांनी एका डोळ्यानं वाचली आणि इतके हसायला लागले की डोळा धरून खाली बसावं लागलं. डॉक्टरांनी हसायला मनाई केलीय, टाके दुखतील. काय झालं विचारलं तर नुसता हात हलवतात. गाद्यावाला बघायला आला, त्याला वाचून दाखवली, तोही बसला.

बसू देत. पाटी उद्या लागणार.